सिबिल बघायचं ते बँकेच्या आधी आपण



हल्ली बँकेत फाइल घेऊन गेलं की साहेब आधी कॉम्प्युटरमध्ये नाव टाकतात आणि म्हणतात, "ताई, तुमचं सिबिल बसत नाही." पुढं काय विचारावं तेच सुचत नाही. म्हणून या महिन्याचा विषय हा घेतलाय.

सिबिल हे खरं तर एका कंपनीचं नाव. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्यांना रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे. बँकेचं कर्ज असो, मायक्रोफायनान्सचं असो की हप्त्यावर घेतलेला मोबाइल, त्याची नोंद यांच्याकडे जाते. गटाच्या बँक कर्जाची सभासदवार माहिती द्यायलाही रिझर्व्ह बँकेने २०१६ साली बँकांना सांगितलं आहे. या नोंदींचा कागद म्हणजे क्रेडिट रिपोर्ट, आणि त्यावरून काढलेला ३०० ते ९०० मधला आकडा म्हणजे स्कोअर. स्कोअर म्हणजे मार्क, रिपोर्ट म्हणजे उत्तरपत्रिका. आपण मार्कांवरच रडत बसतो, उत्तरपत्रिका कुणी मागत नाही.

स्कोअर सगळ्यात जास्त पडतो तो हप्ता चुकल्याने. थोड्या दिवसांत चार ठिकाणी कर्जाचे अर्ज केले तरी पडतो. कर्ज कधीच घेतलं नसेल तर स्कोअर निघतच नाही, त्याला वाईट स्कोअर समजू नका. आणि आपला रिपोर्ट आपण पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही, ही भीती काढून टाका.

पण आपल्याकडची खरी गोम वेगळीच आहे. "तुझ्या नावावर काढून दे, हप्ता मी भरते." जाऊ म्हणते, नणंद म्हणते, शेजारीण म्हणते, आणि नाही म्हणवत नाही. आमच्या एका ताईंनी जावेसाठी असंच ३०,००० रुपयांचं कर्ज काढलं. जाऊ ऊसतोडीला गेली आणि चार हप्ते थकले. ताईंचा स्वतःचा हप्ता कधी चुकलेला नाही. त्या शेळ्यांसाठी कर्ज मागायला गेल्या, तेव्हा ही थकबाकी समोर आली. घरात नवऱ्यालाही माहीत नव्हतं, मग जे व्हायचं ते झालं. पैसे कुणी वापरले ते रिपोर्टला कळत नाही; कागदावर सही कुणाची, एवढंच तो बघतो. जामीनदार राहिलात तरी तेच. ताईंनी थकबाकी भरली, पण उशिराची नोंद लगेच पुसली जात नाही. पुढचे हप्ते वेळेवर भरत राहणं, एवढाच उपाय.

वसुलीवाला म्हणाला, "अर्धे भरा, मिटवून टाकू," तर जरा थांबा. अशा कर्जापुढे रिपोर्टमध्ये 'सेटल्ड' लागतं, 'क्लोज्ड' नाही, आणि बँकेला ते आवडत नाही.

चूक आपली नसेल तर? पूर्ण फेडलेलं कर्ज चालू दिसतं, किंवा आपण न घेतलेलं कर्ज नावावर दिसतं. तेव्हा त्या कंपनीच्या वेबसाइटवर आणि कर्ज देणाऱ्याकडे लेखी तक्रार करा, बेबाकी दाखल्याची प्रत जोडा. ३० दिवसांत तक्रार मिटवायची असते. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे. कुणी दाद देत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या १४४४८ या नंबरवर विचारता येतं. म्हणूनच कर्ज फिटलं की बेबाकी दाखला मागून घ्यायचा आणि घराच्या उताऱ्यासोबत जपून ठेवायचा.

तालुक्याला "सिबिल वाढवून देतो" म्हणणारे एजंट बसलेत. खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही, आणि चुकीची दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. त्यांना ओटीपी तर मुळीच देऊ नका.

चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. पुढच्या बैठकीत आपण एकेकीचा काढू. येताना पॅन, आधार आणि बँकेत दिलेला नंबर ज्या मोबाइलमध्ये आहे तो घेऊन या. तो पोराकडे असेल, तर त्या दिवसापुरता मागून आणा.