तीनवरून नऊवर: पिन बदलण्याचा एक धडा



दोन वर्षांपूर्वी आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजव्या हातात जोर राहिला नाही. पंख्याच्या रिमोटची बारीक बटणे तिला दाबता येईनात. रात्री उकडू लागले की ती मला हाक मारी. पण मी दमलो असेन म्हणून पुष्कळदा तशीच पडून राही. सकाळी उशी घामाने ओली दिसे.

म्हणून मी आर्डुइनो उनो बोर्डाला तळहाताने दाबता येईल असे मोठे बटण जोडले. बटण दाबताच बोर्डाने रिमोटसारखाच इन्फ्रारेड संकेत पाठवावा, एवढेच काम होते. त्यासाठी केन शिरिफ यांनी 2009 साली लिहिलेली आयआररिमोट ही लायब्ररी घेतली. माझ्याकडे तिची जुनी आवृत्ती होती.

पहिली चूक माझीच. एलईडी रोधकाशिवाय थेट 3 नंबरच्या पिनला लावला आणि तपासायला म्हणून सतत पेटता ठेवला. उनोच्या एका पिनची कमाल मर्यादा 40 मिलीअँपिअर आहे. ती ओलांडली गेली आणि पिन निकामी झाली. बाकीचा बोर्ड शाबूत होता, म्हणून 220 ओहमचा रोधक लावून एलईडी 9 नंबरच्या पिनला जोडला, आणि प्रोग्राममध्ये ती पिन आउटपुट म्हणून जाहीर केली. काही झाले नाही.

असे का झाले, हे नीट समजून घेऊ या. रिमोटचा प्रकाश नुसता पेटत नाही. बहुतेक रिमोटमध्ये तो सेकंदाला सुमारे 38,000 वेळा लुकलुकतो, म्हणजे एक फेरी जेमतेम 26 मायक्रोसेकंदांची. जुन्या आवृत्तीत ही लुकलुक चिपमधला टायमर करतो, आणि टायमरची तार चिपच्या आतच ठरावीक पिनला जोडलेली असते. उनोवर लायब्ररी टायमर 2 वापरते. तिने निवडलेले त्याचे आउटपुट 3 नंबरच्या पिनवर येते. मी बाहेरची तार हलवली होती, आतली नाही. पिन बदलायची तर टायमरच बदलायला हवा.

उपाय असा. लायब्ररीच्या फोल्डरमध्ये बोर्डडेफ्स नावाची फाइल असते (त्याहून जुन्या आवृत्तीत आयआररिमोटइंट). तिच्यात उनोच्या भागात दोन ओळी दिसतात: टायमर 1, पिन 9; आणि टायमर 2, पिन 3. पहिल्या ओळीच्या सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा काढायच्या आणि त्या दुसऱ्या ओळीपुढे घालायच्या. फाइल जतन करून प्रोग्राम पुन्हा बोर्डात भरायचा. मात्र एक ध्यानात ठेवा: सर्वो मोटरची लायब्ररी उनोवर टायमर 1 वापरते, त्यामुळे दोन्ही एकत्र चालणार नाहीत. बोर्ड मेगा असेल तर पिनांचे आकडेही वेगळे असतात.

आपल्याकडे आताची आवृत्ती असेल तर काम सोपे आहे. लायब्ररी जोडणाऱ्या ओळीच्या आधी, हॅश डिफाइन लिहून, आयआर_सेंड_पिन या नावापुढे हवा तो आकडा द्यायचा. नावाची अक्षरे इंग्रजीतली, सगळी मोठी. ही ओळ नंतर लिहिली तर उपयोग नाही. उनोवर ही आवृत्ती लुकलुक सहसा प्रोग्राममधूनच करते, म्हणून टायमरच्या पिनचे बंधन राहत नाही.

एलईडी चालतो की नाही, हे डोळ्यांना कळत नाही. मोबाइलचा कॅमेरा त्याच्यासमोर धरा. बऱ्याच फोनांवर, विशेषतः पुढच्या कॅमेऱ्यात, जांभळट उजेड दिसतो. मला तो दिसला तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते.

डबा आईच्या डाव्या कुशीला, उशीजवळ ठेवला. तिने दोनदा दाबून पाहिले आणि काही न बोलता डोळे मिटले. त्या रात्री अडीचच्या सुमारास पंखा फिरू लागल्याचा आवाज ऐकून मला जाग आली. कोणी हाक मारली नव्हती.