तपकिरी तुडतुडे आणि विकतच्या निविष्ठांचे अर्थकारण

तमिळनाडूतील कुंभकोणम परिसर हा कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भातपट्टा होय. तत्कालीन तंजावूर जिल्ह्याची १९६०-६१ च्या सघन कृषी जिल्हा कार्यक्रमात निवड झाली. अमेरिकेच्या फोर्ड फाउंडेशनचे त्यास साहाय्य होते. उत्पादन वाढले, परंतु खते व कीटकनाशके विकत घेणे शेतकऱ्यास अपरिहार्य झाले. श्रीमंत राष्ट्रांनी तंत्रज्ञान विकावे आणि गरीब राष्ट्रांनी परकीय चलन मोजून ते घ्यावे, ही विषमता अखेर बांधापर्यंत पोहोचते.

तपकिरी तुडतुडा हे त्याचे बोलके उदाहरण. अवाजवी फवारणीने कोळी, मिरीड ढेकूण हे नैसर्गिक शत्रू मरतात, तुडतुड्यांचा पुनरुद्रेक होतो आणि शेतकरी पुन्हा औषध विकत घेतो. इंडोनेशियाने १९८६ मध्ये भातावरील ५७ कीटकनाशक उत्पादनांवर बंदी घातली व अनुदान टप्प्याटप्प्याने थांबविले. भाताचे उत्पादन मात्र घटले नाही.

म्हणून फवारणीपूर्वी चुडांच्या बुंध्याशी निरीक्षण करावे. कोळी नसल्यास प्रति फुटवा १ तुडतुडा, प्रति चूड १ कोळी असल्यास प्रति फुटवा २ तुडतुडे ही आर्थिक नुकसानीची पातळी मानावी. नत्र विभागून द्यावे. पाण्याचा अधूनमधून निचरा करावा. विस्तार कार्यकर्त्यांनी ही मोजणी शेतावर करून दाखवावी; टळलेल्या फवारणीचा खर्च गावातच राहील.