विलायतेतला पहिला नाताळ आणि घरचे मिन्स पाय

नोव्हेंबर संपत आला की इंग्लंडच्या दुकानांत मिन्स पायच्या खोक्यांचे ढीग लागतात. मग डिसेंबरभर ऑफिसात, मुलांच्या शाळेत, शेजाऱ्यांकडे, जिथे जावं तिथे हा तळहातात मावणारा गोड पदार्थ पुढे येतो. करंजा, जासई, नवीन शेवा किंवा उरण गावातून तिकडे गेलेल्या घरांना पहिल्या वर्षी एकच पेच पडतो. आतल्या सारणाला मिन्समीट म्हणतात, मग ते खायचं की नाही?

तिकडे बरीच वर्षं काढलेल्या मराठी कुटुंबांनी नवागतांसाठी जे लिहून दिलं, ते एका मापाचं नाही. कुणी ग्रॅम आणि मिनिटांत बोलतं, कुणी कचेऱ्यांवरचा राग मोकळा करतं, कुणाला मुलांच्या संस्कारांची काळजी. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत आहे. पहिल्याच वर्षी हे घरी करावं, कारण आत काय गेलंय ते मग आपल्याला पक्कं ठाऊक असतं.

मांसाची शंका निराधार नाही. जर्व्हेस मार्कमच्या १६१५ सालच्या पुस्तकात मटणाची अख्खी तंगडी, चरबी, मनुका आणि संत्र्याची साल असं सारण आहे. मिसेस बीटन यांच्या १८६१च्या प्रसिद्ध पुस्तकातल्या एका कृतीतही गोमांस आहे. पुढे मांस गेलं. फळं, साखर, मसाले आणि चरबी राहिली. खरा प्रश्न या चरबीचा आहे. स्यूएट म्हणजे गाई-बैलाच्या मूत्रपिंडाभोवतीची घट्ट चरबी. आज मोठ्या दुकानांतल्या बहुतेक बरण्यांत वनस्पती तेलाचं ‘व्हेजिटेबल स्यूएट’ असतं, पण खाटकाच्या दुकानात किंवा जुन्या पद्धतीच्या बेकरीत बीफ स्यूएट मिळू शकतं, आणि वरच्या पारीत डुकराची चरबी म्हणजे लार्डही असू शकते. आपल्याकडच्यासारखा हिरवा ठिपका तिथे सक्तीचा नाही. नुसतं ‘स्यूएट’ लिहिलेलं दिसलं तर पुढची ओळ वाचावी, आणि न कळल्यास विचारावं. विचारलं म्हणून तिथे कुणी नाराज होत नाही.

बर्मिंगहॅमजवळ राहणाऱ्या एका काकूंनी यात आणखी एक भर घातली आहे, आणि ती उरणच्या घरांना लगेच पटेल. नाताळची धामधूम बहुधा मार्गशीर्षातच येते. एरवी रोज मासळी शिजणाऱ्या आगरी-कोळी घरांतही गुरुवार पाळले जातात. गुरुवारी बोलावणं असेल तर आपले मिन्स पाय आपणच न्यावेत. वरून अंड्याऐवजी दूध लावावं, ब्रँडीऐवजी संत्र्याचा रस घालावा. उरणला मार्गशीर्ष पाळला आणि तिकडे सोडला, असं होऊ नये हा त्यांचा आग्रह.

सारणाची कृती दिली आहे लेस्टरच्या एका गृहस्थांनी, आणि तिच्यात एकही शब्द जास्तीचा नाही. बेदाणे, काळ्या मनुका आणि करंट्स प्रत्येकी २५० ग्रॅम. करंट्स म्हणजे बारीक काळ्या, बिनबियांच्या मनुका. एवढंच किसलेलं आंबट सफरचंद. तिथे ब्रॅम्ली नावाचं स्वयंपाकाचं सफरचंद मिळतं, तेच घ्यावं. गडद ब्राऊन साखर २०० ग्रॅम, पाकवलेली संत्र्या-लिंबाची साल १०० ग्रॅम, व्हेजिटेबल स्यूएट १२५ ग्रॅम किंवा गार लोणी किसून १०० ग्रॅम. एका संत्र्याची आणि एका लिंबाची किसलेली साल आणि रस. दालचिनी, लवंग, सुंठ आणि जायफळाची पूड मिळून दोन चहाचे चमचे. सगळं कालवून रात्रभर झाकून ठेवावं. दुसऱ्या दिवशी ११० ते १२० अंशांच्या मंद ओव्हनमध्ये सुमारे तीन तास ठेवावं. चरबी वितळून सफरचंदाच्या किसावर तिचा पातळ थर बसतो आणि त्याचं पाणी आंबत नाही. निवल्यावर ब्रँडीचे पाच-सहा मोठे चमचे घालून, धुऊन ओव्हनमध्ये तापवलेल्या बरण्यांत भरावं. ब्रँडी घातलेलं सारण महिनोन् महिने राहतं. रसाचं केलं तर फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवावं.

दिवाळीचं फराळ आवरलं की हे करायला घ्यावं, म्हणजे नाताळपर्यंत सारण मुरतं.

पारीबद्दल मात्र सगळ्यांनी भरभरून लिहिलंय, आणि ते साहजिक आहे. ज्या हातांनी करंज्या केल्यात त्यांना मिन्स पाय परका नाही. मैदा ३५० ग्रॅम, लोणी १७५, साखर ५०, चिमूट मीठ, आणि मिळून येण्यापुरतं बर्फगार पाणी. फरक एकच, पण मोठा. करंजीला मोहन कडकडीत लागतं, इथे लोणी फ्रिजमधून काढलेलं, थंडगार. दोन्हीकडे स्निग्धांश मैद्याच्या कणांवर बसून त्याला चिवट होऊ देत नाही. गार लोण्याचे बारीक कण मात्र पिठात तसेच राहतात, भाजताना वितळतात आणि पारी ठिसूळ होते. म्हणून लोणी बोटांच्या टोकांनीच चोळावं, तळव्याची ऊब लागू देऊ नये. पीठ जाड रव्यासारखं दिसलं की थांबावं, गोळा करून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावं. करंजीचं पीठ मळायची सवय असलेल्या बायका इथे हमखास जास्त मळतात आणि पारी कडक होते, हे तिघींनी स्वतंत्रपणे लिहिलंय.

लाटलेल्या पारीच्या गोल चकत्या उथळ साच्यात बसवून प्रत्येकीत जेमतेम चमचाभर सारण भरावं. जास्त भरलं तर उकळून बाहेर येतं आणि साच्याला साखर चिकटते. वर झाकण किंवा चांदणी, कड दुधाने चिकटवून मध्ये वाफेसाठी भोक. २०० अंश, पंख्याचा ओव्हन असेल तर १८०, गॅसचा असेल तर ६ नंबर, वीस मिनिटं. एवढ्यात साधारण २० पाय होतात.



विक्रीबद्दल एकीने पानंच्या पानं भरली आहेत. लंडनच्या बाहेरच्या एका गावात तिने डिसेंबरच्या बाजारात घरचे पाय विकायचं ठरवलं. आधी घरमालकाने भाड्याच्या घरात धंदा चालणार नाही म्हणून सांगितलं. मग कौन्सिलचा फॉर्म, मग फोनवर तासन् तास, मग एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, आणि शेवटी कळलं की नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर ती अवलंबून असल्याने तिला स्वतःचा धंदा करता येतो, पण भागीदारीत घेतलेल्या विद्यार्थिनी मैत्रिणीला येत नाही. हे पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर महिना वाया गेला नसता, हा तिचा संताप रास्त आहे. त्या पानांतून कामाचं तेवढं असं: घरून नियमित खाद्यपदार्थ विकायचे असतील तर सुरुवातीच्या किमान २८ दिवस आधी स्थानिक कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. ती मोफत असते आणि नाकारता येत नाही. विद्यार्थी व्हिसावर स्वतःचा व्यवसाय करायला मनाई आहे, मग तो डझनभर पाय विकण्याचा का असेना. १ ऑक्टोबर २०२१पासून विक्रीच्या जागीच आधी पाकीटबंद करून ठेवलेल्या पदार्थांवर पूर्ण घटक लिहावे लागतात आणि १४ ॲलर्जीकारक घटक ठळक दाखवावे लागतात. मिन्स पायमध्ये गहू आणि दूध तर आहेतच, पण सोनेरी बेदाण्यांना दिलेली गंधकाची धुरीही त्या यादीत येते. ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात राहत नाही.

ईस्ट लंडनच्या एका निवृत्त आजोबांना हा सगळा खटाटोपच मान्य नाही. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ साली स्थापन झालं ते मराठी टिकावं म्हणून, केक-पाय शिकायला नव्हे, असं त्यांनी लिहिलंय. नातवंडांना चकलीचा सोऱ्या ओळखता येत नाही, याचं त्यांना खरंच दुःख आहे, आणि ते दुःख हलकं लेखू नये. पण त्यांचा निष्कर्ष पटत नाही. वसईच्या, गोव्याच्या ख्रिस्ती घरांत नाताळला नेवऱ्या, म्हणजे करंज्याच, होतात आणि त्या कुणाला परक्या वाटत नाहीत. एकाच ओट्यावर ऑक्टोबरात करंजी आणि डिसेंबरात मिन्स पाय झाला, तर मुलं दोन्ही शिकतील. शेजारणीकडे पायांची ताटली गेली की पुढच्या दिवाळीला फराळाचं ताटही सहज जातं, हे अनेकींनी अनुभवलंय.

रिवाजांचं थोडक्यात. नाताळच्या बारा दिवसांत रोज एक पाय खाल्ला तर वर्ष चांगलं जातं अशी जुनी समजूत आहे. वर्षातला पहिला पाय खाताना मनात इच्छा धरतात. २४ तारखेच्या रात्री लहान मुलं फादर ख्रिसमससाठी एक काढून ठेवतात. आपल्या मुलांनाही ठेवू द्यावा.

जाताना सामान काय न्यावं याची चौकशी सगळेच करतात. भारतातून दूध-तुपाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, त्यामुळे घरचं लोणकढं तूप उरणलाच ठेवावं. लोणी तिकडे उत्तम मिळतं.

आणि ज्यांना निघण्याआधी इथेच हात बसवायचा आहे त्यांच्यासाठी: सांगली-तासगावचे बेदाणे या सारणाला फार छान लागतात. आपलं सफरचंद गोड असतं, तेव्हा एक लिंबू जास्त पिळावं. साचे आणि पाकवलेली साल क्रॉफर्ड मार्केटात केकचं सामान विकणाऱ्या दुकानांत मिळते. मोऱ्याहून लाँचने भाऊचा धक्का गाठावा किंवा जानेवारी २०२४पासून उरणपर्यंत आलेल्या लोकलने जावं. उरणच्या हवेत डिसेंबरातही लोणी लवकर पाघळतं, म्हणून पारी लाटून साच्यात बसवल्यावर साचा पुन्हा वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवावा आणि मगच ओटीजीत घालावा. भाजलेले पाय पूर्ण निवल्याशिवाय डब्यात भरू नयेत, खाडीची दमट हवा लागून ते संध्याकाळपर्यंत मऊ पडतात. जास्त करायचे असतील तर कच्चेच साच्यात गोठवावेत आणि हवे तेव्हा न वितळवता थेट भाजावेत. वेळ पाच मिनिटं जास्त धरावी.