घोडा का लंगडला?

[घोडा हा माणसाचा जुना सोबती आहे. त्याचे पाय का दुखतात, दुखणे कसे ओळखावे, त्यावर आज कोणते उपचार होतात आणि कोणते जुने उपाय टाळावेत, याची माहिती या पाठात दिली आहे.]

मुलांनो, घोडा का अडला आणि पान का सडले, हे कोडे तुम्ही ऐकले असेल. हे कोडे मराठीत आहे, तसेच उर्दूतही आहे. दोन्हींचे उत्तर एकच : फिरवले नाही म्हणून! आज आपण त्याच्यासारखाच दुसरा प्रश्न पाहू. घोडा का लंगडला? या प्रश्नाचे उत्तर मात्र एका शब्दात देता येत नाही.

सोलापूर जिल्ह्यात मोहोळ तालुका आहे. या तालुक्यातून भीमा आणि सीना या नद्या वाहतात. भीमेच्या खोऱ्यात पूर्वीपासून एक काटक घोडा आढळतो. त्याला भीमथडी म्हणतात. थडी म्हणजे नदीचा काठ. मराठ्यांच्या घोडदळात या घोड्यांना मोठा मान होता. आजही मेंढरे घेऊन गावोगाव फिरणारे धनगर आपले अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी आणि लहान कोकरे याच घोड्यांच्या पाठीवर लादतात. भीमथडी ही घोड्याची स्वतंत्र जात म्हणून आता सरकारी संस्थेत नोंदली गेली आहे.

याच जिल्ह्यात आषाढी वारीच्या वेळी संत ज्ञानेश्वरांच्या पालखीसोबत दोन घोडे चालत येतात. हे घोडे अंकली या गावाहून आधी आळंदीला जातात आणि तेथून पालखीबरोबर पंढरपूरला येतात. वाखरीच्या रिंगणात ते वाऱ्यासारखे धावतात. लग्नाच्या वरातीतही घोडा लागतोच. अशा घोड्यावर एखाद्या घरची चूल पेटत असते. तो लंगडला, तर मुके जनावर वेदना सोसते आणि मालकाची रोजची मिळकतही बुडते.

घोड्याचा पाय मोठा नवलाचा आहे. घोडा प्रत्येक पायाच्या मधल्या एकाच बोटाच्या टोकावर उभा असतो. त्या बोटाचे नख म्हणजेच त्याचा खूर. पुढच्या पायाच्या ज्या सांध्याला आपण गुडघा म्हणतो, तो खरे तर आपल्या मनगटासारखा असतो. त्या सांध्याच्या खाली मांसल स्नायू जवळजवळ नसतात. तेथे हाडे असतात आणि दोरखंडासारख्या चिवट कंडरा असतात. शरीराचा निम्म्याहून अधिक भार पुढच्या दोन पायांवर येतो. भरधाव पळताना तर काही क्षण सगळा भार एकाच पायावर पडतो. म्हणूनच घोड्याच्या कंडरा आणि सांधे लवकर दुखावतात.

सांध्यात दोन हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. हाडांच्या मध्ये वंगणासारखा चिकट द्रव असतो. त्यामुळे हाडे एकमेकांवर घासत नाहीत. पण कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे ती झिजली, की सहज भरून येत नाही. कूर्चेत नसाही नसतात. म्हणून ती झिजू लागते, तेव्हा सुरुवातीला दुखतही नाही. दुखू लागते, तोवर बरेच नुकसान झालेले असते.

मग दुखणे ओळखावे कसे? घोडा बोलत नाही, पण त्याची मान बोलते. घोड्याला कडक, सपाट जमिनीवर दुडक्या चालीने चालवा आणि समोरून पाहा. पुढचा दुखरा पाय जमिनीला टेकला, की तो डोके वर उचलतो. चांगला पाय टेकला, की डोके खाली येते. दुखऱ्या पायावर कमी भार यावा, म्हणून तो असे करतो. पायावरून हात फिरवून गरमपणा आणि सूजही पाहतात. मोठ्या दवाखान्यात डॉक्टर पायाचा एकेक भाग सुईने बधिर करतात. ज्या जागी बधिर केल्यावर घोडा सरळ चालू लागतो, तेथे दुखणे आहे असे समजते. त्यानंतर क्ष-किरणांनी किंवा सोनोग्राफीने आतले चित्र पाहतात.

आपल्या देशात घोड्यांवरील उपचारांची परंपरा फार जुनी आहे. शालिहोत्र नावाच्या आचार्यांचे नाव या शास्त्राला मिळाले. या विषयावरील संस्कृत ग्रंथांची फारसीतही भाषांतरे झाली. उर्दूत घोड्याच्या वैद्याला सलोतरी म्हणतात. हा शब्द शालिहोत्र या नावापासूनच आला आहे. उलट लगाम, जीन, नाल आणि नालबंद हे शब्द मराठीने फारसी-अरबीतून घेतले. १८८६ साली मुंबईत परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. तेव्हापासून महाराष्ट्रात जनावरांचे डॉक्टर आधुनिक शिक्षण घेऊन तयार होऊ लागले.

मात्र, जुने ते सगळे चांगलेच असते असे नाही. पाय दुखावला, की तापलेल्या लोखंडाने डाग देण्याची चाल अनेक देशांत होती. आपल्याकडेही ती होती. डाग दिल्यावर घोडा बरा होतो, असे लोक छातीठोकपणे सांगत. इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी याची कसून तपासणी केली आणि १९८३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. डाग दिल्याने कंडरा अधिक चांगली भरून येते, असे त्यांना दिसले नाही. मग लोकांना गुण का दिसत असे? डाग दिल्यावर घोड्याला कित्येक महिने विश्रांती देत. गुण येई तो विश्रांतीने, आणि श्रेय मात्र मिळे लोखंडाला! घोड्याच्या वाट्याला येत ती फुकटची वेदना.

आजचे उपचार वेगळे आहेत. सूज आणि ठणका कमी करणारी औषधे आहेत. सांध्यात इंजेक्शन देऊन वंगणासारखा द्रव घालता येतो. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्य विद्यापीठाचे वेन मॅकइलरेथ यांनी घोड्यांच्या सांध्यांवर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करण्याची पद्धत विकसित केली. तिच्यात लहानशा छिद्रातून हाडाचा तुटलेला तुकडा काढता येतो. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजमधील रॉजर स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली एक नवा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी घोड्याच्याच अस्थिमज्जेतील मूलपेशी वाढवून दुखावलेल्या कंडरेत सोडल्या. २०१२ साली असे उपचार केलेल्या ११३ शर्यतीच्या घोड्यांची माहिती पुढे आली. त्यांपैकी सुमारे २७ टक्के घोड्यांची कंडरा पुन्हा दुखावली. पूर्वीच्या उपचारांत हे प्रमाण याहून बरेच जास्त होते. तरीही संशोधकांना आणखी तुलना हवी आहे. एकाच वेळी काही घोड्यांवर नवा उपचार आणि काहींवर जुना उपचार करून पाहिल्याशिवाय खरा फरक कळत नाही. डाग देण्याच्या गोष्टीवरून आपण हेच शिकलो, नाही का?

या संशोधनाचा माणसालाही उपयोग आहे. घोड्याच्या मागच्या पायातील मोठ्या सांध्याची कूर्चा जवळजवळ आपल्या गुडघ्यातील कूर्चेइतकीच जाड असते. त्यामुळे घोड्याच्या सांध्यावर मिळालेले ज्ञान उद्या तुमच्या आजीच्या गुडघ्यालाही उपयोगी पडू शकेल.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. वेदना कमी झाली म्हणजे दुखणे बरे झाले, असे नाही. लग्नसराईत चार पैसे मिळतात, म्हणून कोणी लंगड्या घोड्याला दुखणे थांबवणारे औषध देऊन वरातीत नाचवतो. घोड्याला दुखणे जाणवत नाही, म्हणून तो दुखऱ्या पायावर पूर्ण भार देतो. मग अर्धवट तुटलेली कंडरा पूर्ण तुटते. अशी औषधे मनाने दिली, तर पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडावरही परिणाम होतो. चार दिवसांच्या कमाईसाठी जन्माचा सोबती गमावणे यात शहाणपण नाही.

सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे काळजी. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर साळून घ्यावेत. शिंगराची हाडे पक्की होण्याआधी त्याच्यावर ओझे लादू नये. पळवण्यापूर्वी घोड्याला थोडे सावकाश चालवावे. पाय दुखावलाच, तर त्याला लगेच विश्रांती द्यावी, गार पाण्याने पाय शेकावा आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. बरा होऊ लागलेला घोडा डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज थोडा थोडा फिरवावा. पाहिलेत? जुन्या कोड्याचे उत्तर येथेही उपयोगी पडते. फक्त केव्हा फिरवायचे आणि केव्हा थांबायचे, हे समजले पाहिजे.

शब्दार्थ

काटक – कष्ट सोसणारा
कंडरा – स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट दोर
कूर्चा – हाडाच्या टोकावरील गुळगुळीत, लवचीक आवरण
दुडकी चाल – घोड्याची हलकी धाव
शिंगरू – घोड्याचे पिल्लू
व्रण – जखम
छातीठोकपणे – पूर्ण खात्रीने

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) भीमथडी या शब्दातील 'थडी' म्हणजे काय?
(आ) मुंबईतील पशुवैद्यक महाविद्यालय केव्हा सुरू झाले?

२. कारणे लिहा.
(अ) झिजलेली कूर्चा सहज भरून येत नाही.
(आ) लंगड्या घोड्याला औषध देऊन नाचवू नये.

३. लगाम, जीन, नाल यांसारखे मराठी आणि उर्दू दोन्ही भाषांत वापरले जाणारे आणखी पाच शब्द लिहा.

४. तुमच्या परिसरातील घोडेवाल्याला किंवा नालबंदाला भेटा. तो घोड्याच्या पायांची काळजी कशी घेतो, ते विचारून आठ-दहा ओळी लिहा.