दलाल वगळला, त्याची कामं उरली

मुंबईचा आयातदार एका जॅकेटमागे दीडशे-दोनशे रुपये कमावतो हे कळल्यावर नाशिकमधल्या कापड दुकानदाराच्या डोक्यात एकच येतं: हा माणूस मधे हवाच कशाला? माझ्याही डोक्यात तेच आलं आणि मी ग्वांगझू गाठलं. थेट माल आणणं परवडतं, हे मी आजही सांगेन. मात्र आयातदार त्या पैशांत काय काय उरकत होता, ते त्याला वगळल्यावर एकेक करून माझ्या गळ्यात पडलं.

कागदपत्रांची भीती लोक उगाच घालतात. विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात कोड ५०० रुपयांत ऑनलाइन मिळतो, बँकेचा एडी कोड (परकीय चलनाच्या व्यवहारांसाठीचा तिचा क्रमांक) बंदरावर नोंदवायचा, एक भरवशाचा सीएचए, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवून देणारा एजंट, गाठायचा. झालं. अवघड आहे ते समोरचा कोण हे ओळखणं. रेल्वे स्टेशनजवळच्या बाइमा बाजारात काय, शाहेच्या घाऊक बाजारात काय, गाळ्यावर बसलेला जो तो ‘फॅक्टरी आपलीच’ म्हणतो. बरेचदा तोही व्यापारीच असतो. म्हणजे मुंबईचा दलाल सोडून आपण तिथला धरलेला असतो. त्याच्याकडे व्यवसाय परवान्याची प्रत मागावी. तिच्यावर कंपनीचं चिनी नाव आणि १८ अंक-अक्षरांचा नोंदणी क्रमांक असतो. पैसे ज्या खात्यात भरायला सांगतो ते खातं त्याच कंपनीचं आहे का, हे आधी पाहावं. कुणा व्यक्तीच्या नावावरचं खातं पुढे केलं तर चहा पिऊन उठावं.

आता नमुन्याबद्दल. नमुना नेहमी सुंदरच असतो. आमच्या एका लॉटमध्ये नमुन्याचं जॅकेट हातात घेतलं तर चांगलं जड लागायचं; आलेल्या मालात बाहेरचं कापड तेच, चेनही तीच, पण आतलं भरण निम्मं. फोटोत हे दिसत नाही. ‘नमुन्याप्रमाणे’ एवढंच ऑर्डरवर लिहिलं तर भांडायलाही जागा उरत नाही. कापडाचं जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅम), भरणाचं ग्रॅममध्ये वजन, छाती-खांदा-बाहीची मापं सेंटिमीटरमध्ये, प्रत्येक रंगात कुठल्या साइजचे किती नग, हे सगळं लिहून घ्यावं. साइजवर तर मुळीच विसंबू नये. तिकडचा एक्सएल आपल्याकडच्या गिऱ्हाइकाला बरेचदा एल म्हणूनही घट्ट होतो. मान्य केलेल्या दोन नमुन्यांवर दोघांच्या सह्या घेऊन एक आपल्याजवळ ठेवावा. पैशांची पद्धत बहुधा ३० टक्के आगाऊ, ७० टक्के माल तयार झाल्यावर अशी असते. ते ७० टक्के हातात आहेत तोवरच आपल्या शब्दाला वजन. म्हणून माल पॅक होत आला की तपासणी कंपनीचा माणूस पाठवून खोकी फोडून बघायला लावायची, आणि अहवाल पाहूनच बाकी रक्कम सोडायची. त्याची फी जड वाटते, पण आयातदाराच्या दीडशे रुपयांत तीही होती.

वीचॅट आपल्याकडे जून २०२० पासून बंद असल्याने माझा बराचसा व्यवहार मेलवर चालतो. ऑर्डर अर्ध्यावर आली असताना एक मेल आला: आमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, उरलेली रक्कम या दुसऱ्या खात्यात पाठवा. सही तीच, बिलाचा नंबर बरोबर. पत्त्यात एक अक्षर तेवढं जास्त. पुरवठादाराच्या जुन्या नंबरवर फोन केला तर पलीकडच्या बाईंना यातलं काही ठाऊकच नव्हतं. खातं बदललं की फोन करायचा, आणि तोही त्या मेलमधल्या नंबरवर नाही. चुकून पैसे गेलेच तर त्याच तासाला बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला कळवावं. अशा वेळी माल आलेला नसतो, तरी बँक मात्र बिल ऑफ एंट्री, म्हणजे माल आयात झाल्याचा कस्टम्सचा कागद, मागत राहते.

शुल्काचं गणित भाव ठरवण्याआधीच करावं. बहुतेक तयार कपड्यांवर मूळ सीमाशुल्क २० टक्के, त्या शुल्कावर १० टक्के अधिभार, आणि या सगळ्यावर आयजीएसटी. विमा-भाड्यासह ६०० रुपयांना पडलेला नग ५ टक्के आयजीएसटी धरून ७६८ रुपये ६० पैशांवर जातो. आयजीएसटीची वजावट पुढे मिळते, पण तोवर पैसा अडकतो. शिवाय काही कपड्यांना २० टक्के किंवा नगामागे ठरावीक रक्कम, यांतलं जे जास्त ते लागतं. स्वस्त मालाचा स्वस्तपणा तिथेच संपतो. मग कुणीतरी किलोच्या भावात घरपोच माल देतो म्हणून भेटतो. त्यात बिल ऑफ एंट्री आपल्या नावाची नसते, वजावट मिळत नाही, आणि माल पकडला गेला तर त्या माणसाचा फोन लागत नाही. इन्व्हॉइस कमी दाखवण्याची सूचना तर पुरवठादार स्वतःच करतो. तीही ऐकू नये. कस्टम्सकडे तशाच मालाचे इतरांचे भाव असतात.

राहिल्या तारखा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चिनी कारखाने बंद, जानेवारी-फेब्रुवारीत त्यांच्या नववर्षाला तर कामगार गावीच जातात. घातक अॅझो रंग नसल्याचं मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मालासोबत नसेल तर न्हावाशेव्याला नमुने काढून तपासणी होते, आणि तोवर गोदामभाडं चढत राहतं. संक्रांत झाल्यावर जॅकेट कोण घेतं? थंडीच्या मालाची ऑर्डर जूनमध्येच पक्की व्हायला हवी.

सध्या मी मुलींचे कोरियन धाटणीचे टॉप तेवढे थेट आणतो. ते बारा महिने खपतात, उशीर झाला तरी चालतं. टी-शर्ट तिरुपूरचेच बरे. जॅकेटं पुन्हा मुंबईहून घेतो. तो आयातदार डागी नग बदलून देतो, उधारी देतो, आणि न खपलेलं त्याच्या गोदामात राहतं. घासाघीस करतोच, पण आता दहा-वीस रुपयांवर थांबतो.