विज्ञान जुने झाल्यानंतर : ‘समुद्राखाली वीस हजार लीग’चा आस्वाद

ज्यूल व्हर्न यांची ‘समुद्राखाली वीस हजार लीग’ ही कादंबरी १८६९-७० मध्ये पॅरिसमधील एका नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. मुलांना ज्ञान व रंजन पुरविणे हे त्या नियतकालिकाचे धोरण होते. या कादंबरीचे मोठेपण सांगताना तिने पाणबुडीचे भाकीत केले, असे म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः रॉबर्ट फुल्टनने ‘नॉटिलस’ याच नावाची पाणबुडी १८०० मध्ये बांधली होती. उलट, व्हर्न यांची नौका बर्फाखालून ज्या दक्षिण ध्रुवापर्यंत जाते, तो खंडाच्या अंतर्भागात असल्याने तेथे कोणतीही नौका पोहोचू शकत नाही. भाकिताची कसोटी अशी अपुरी ठरते. मग आजच्या वाचकाने ही कादंबरी कशासाठी वाचावी?

या प्रश्नाचे उत्तर तिच्या कथनात सापडते. नौकेवरील तीन बंदिवानांपैकी सेवक काँसेय याला जलचरांचे वर्ग, गण व कुळे मुखोद्गत आहेत; पण समोरचा मासा त्याला ओळखता येत नाही. शिकारी नेड लँड मासा अचूक ओळखतो. परंतु खाण्याजोगे आणि न खाण्याजोगे एवढेच त्याचे वर्गीकरण. निवेदक प्रा. आरोनॅक्स यांच्यापाशी नाव आणि ओळख दोन्ही आहेत. कंटाळवाण्या वाटणाऱ्या माशांच्या याद्या म्हणजे नाव दिले की वस्तू कळली, या त्यांच्या श्रद्धेचा आविष्कार होय. ही श्रद्धा कॅप्टन निमोपुढे पराभूत होते. ‘निमो’ या लॅटिन शब्दाचा अर्थच ‘कोणीही नाही’ असा आहे. सिंहलद्वीपाजवळ एका गरीब मोतीवेच्या पाणबुड्याला स्वतःचा जीव धोक्यात घालून वाचविणारा हा पुरुष पुढे एक युद्धनौका माणसांसह बुडवितो. त्याला कोणत्या यादीत बसवावे? याद्या गाळणाऱ्या संक्षिप्त आवृत्त्यांत साहस उरते, पण हा पेच हरवतो. लुईस मर्सिए यांच्या १८७२ च्या इंग्रजी अनुवादातही मोठी काटछाट झाली होती.

निमोला पोलिश बंडखोर करण्याचा व्हर्न यांचा मूळ विचार होता. प्रकाशक हेट्झेल यांच्या विरोधामुळे त्याचे राष्ट्र अनुक्त राहिले. ‘रहस्यमय बेट’ (१८७४-७५) या कादंबरीत मात्र तो १८५७ च्या उठावात लढलेला बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार असल्याचे उघड होते. भारतीय वाचकाला हे नाते सुखावते व सिंहलद्वीपाच्या प्रसंगाला नवा अर्थही लाभतो. तथापि हा उलगडा आधीच हाती घेऊन पहिली कादंबरी वाचल्यास निमोचा सूड सहज समर्थनीय वाटू लागतो. तेथे आरोनॅक्स निमोचे राष्ट्र न जाणता त्याचे कृत्य पाहतात, आणि अन्याय सोसलेल्याला संहाराचा अधिकार मिळतो काय, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. म्हणून अध्यापनात दोन्ही कादंबऱ्या प्रकाशनाच्या क्रमानेच घ्याव्यात आणि दुसरीचे उत्तर पहिलीवर लादू नये.