कागद अडकतो तिथे बिघाड नसतो

आमचं टायपिंग-डीटीपीचं दुकान कोर्टाच्या फाटकासमोर. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वकीलपत्रं. पक्षकार दारात उभा आणि अकराला पुकारा, त्यामुळे प्रिंटर थांबला की दुकान थांबतं. आमचा लेझर प्रिंटर जुना, ते मॉडेल केव्हाच बंद झालेलं. पण पान स्वच्छ देतो आणि रिफील स्वस्तात पडतं. एका उन्हाळ्यात त्याने छळ मांडला. एक पान निघायचं आणि पाठोपाठ लाल दिवा. झाकण उघडा, कार्ट्रिज काढा, कागद ओढा, झाकण लावा, की पुन्हा तेच. त्या निमित्ताने आणि पुढे शेजारपाजारच्या दुकानांतले प्रिंटर उघडताना जे हाती लागलं, ते लिहून ठेवतो.

१. जॅम म्हणजे कागदाची चुकलेली वेळ. कागदाच्या वाटेवर प्लॅस्टिकच्या छोट्या काड्या असतात, कागद त्यांना दाबत पुढे सरकतो. उचलल्यापासून ठरलेल्या वेळात कागदाची पुढची कड काडीपाशी पोचली पाहिजे आणि ठरलेल्या वेळात मागची कड सुटली पाहिजे. यात मागेपुढे झालं की मशीन दिवा लावतं. म्हणून कधी कधी झाकण उघडावं तर आत कागदाचा पत्ताच नसतो. अशा वेळी काडी बोटाने हलवून सोडा. झटकन जागेवर आली नाही, तर तिची स्प्रिंग सुटली आहे किंवा काडीच मोडली आहे.

२. कागदाची पुढची कड कुठे थांबली, हे बघितल्याशिवाय कागद ओढू नका. ट्रेच्या तोंडाशी थांबला तर दोष उचलण्यात. कार्ट्रिजखाली थांबला तर पुढे नेणाऱ्या रोलरमध्ये. टोनर, म्हणजे शाईची पूड, तापवून कागदावर पक्की करणाऱ्या फ्यूजरपाशी चुण्या पडून गोळा झाला तर फ्यूजर किंवा बाहेर पडायची वाट. आपण घाईघाईने कागद ओढतो आणि हा पुरावा कचऱ्याच्या डब्यात जातो.

३. दोन कागद जोडीने आत गेले की एकामागून एक गेले? आमच्या प्रिंटरचं सगळं रामायण या एका प्रश्नात होतं. पिकअप रोलरसमोरचं सेपरेशन पॅड झिजलं की दोन कागद एकमेकांना चिकटून जोडीने आत जातात. आलेल्या प्रत्येक कारागिराने हेच निदान केलं. कोणी रोलर बदलला, कोणी पॅड, एकाने तर कार्ट्रिज बदलायला लावलं. लाल दिवा काही हटेना.

आत नीट बघितलं तर चित्र निराळं होतं. पहिला कागद थेट फ्यूजरपर्यंत पोचलेला, आणि त्याच्या मागून दुसरा, नुसती पुढची कड आत शिरलेला. म्हणजे पॅड आपलं काम चोख करत होतं, रोलरच एक फेरा जास्त मारत होता. खात्रीसाठी ट्रेमध्ये एकच कागद ठेवला, बिनतक्रार निघाला. पुन्हा एकच ठेवला, तोही निघाला. गठ्ठा ठेवला की रड सुरू.

रोलरने एकच फेरा मारावा ही जबाबदारी सोलेनॉइडची. तांब्याच्या तारेचं इवलंसं वेटोळं, त्यावर लोखंडी पत्र्याची पट्टी. वीज आली की पट्टी खेचली जाते, दात्याची अडक सुटते आणि रोलर फिरू लागतो. वीज गेली की स्प्रिंग पट्टीला मागे ओढते आणि फेरा पुरा होताच अडक पुन्हा लागते. पट्टी आपटून खडखड होऊ नये म्हणून मध्ये फोमचा तुकडा चिकटवलेला असतो. वर्षानुवर्षं ऊब खाऊन त्या फोमचा काळा चिकटा होतो. पट्टी त्यात रुतते, उशिरा सुटते, आणि तेवढ्यात रोलर दुसरा फेरा घेऊन पुढचा कागद ओढतो.

कान दिला तर हे ऐकूही येतं. पहिला ‘टक’ वेळेवर, दुसरा रेंगाळून. एप्रिलच्या दुपारी मशीन तापलं की तो आणखी रेंगाळायचा. सकाळी मात्र प्रिंटर शहाण्यासारखा वागायचा, आणि कारागीर नेमके सकाळी यायचे.

४. हा चिकटा नुसता पुसून भागत नाही, मुळापासून काढावा लागतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कान साफ करायच्या काड्या पुरतात. पट्टी आणि वेटोळ्याचा लोखंडी गाभा, दोन्ही चकचकीत होईपर्यंत पुसायचे. पण तसंच उघडं सोडायचं नाही. लोखंडाला लोखंड टेकलं तर वीज गेल्यावरही थोडं चुंबकत्व मागे राहतं आणि पट्टी पुन्हा अडखळते. म्हणून पट्टीला पातळ कापडी टेपचा तुकडा लावायचा, गोंद पट्टीकडे आणि कोरडी बाजू गाभ्याकडे. जाड टेप लावाल तर पट्टी पुरती खेचली जाणार नाही आणि कागद उचललाच जाणार नाही. तेलाचा थेंबही नको, टोनरची पूड त्यावर बसून नवा चिकटा तयार होतो.

५. पानावर ठरावीक अंतराने डाग येत असेल तर फूटपट्टी काढा. डागांमधलं अंतर म्हणजे दोषी रोलरचा परीघ. कार्ट्रिजमधल्या २४ मिलिमीटर व्यासाच्या ड्रमवर ओरखडा असेल तर डाग साधारण साडेसात सेंटीमीटरवर पुन्हा येतो. कार्ट्रिजमधले बारीक रोलर त्याच्या साधारण निम्म्या अंतरावर खूण सोडतात. प्रत्येक मॉडेलचे आकडे वेगळे, त्यांचा तक्ता सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. उभी अखंड रेघ आली तर फूटपट्टीचा उपयोग नाही. तेव्हा ड्रम पुसणाऱ्या पात्याकडे किंवा ड्रमवरच्या गोल ओरखड्याकडे बघा.

६. छपाई फिकी किंवा पुसट आली की लगेच कार्ट्रिजला दोष देऊ नका. कागद अर्ध्या वाटेवर असताना झाकण उघडा. फ्यूजरच्या अलीकडे अक्षरं नीट आहेत आणि पलीकडे फरकटली आहेत, तर कार्ट्रिज निर्दोष आहे. फ्यूजर २०० अंशांच्या आसपास तापतो, त्यामुळे वायर काढून तो निवेपर्यंत हात लांब ठेवा. ड्रमला उजेड सोसत नाही, कार्ट्रिज बाहेर काढलं की त्यावर फडकं टाका. सांडलेला टोनर घरच्या व्हॅक्यूमने ओढू नका, त्याची पूड इतकी बारीक की पिशवीतून पार होऊन खोलीभर पसरते. कपड्यांवर पडला तर आधी झटका, मग गार पाण्याने धुवा. गरम पाण्याने तो कायमचा बसतो.

७. पावसाळ्यात उघडं रीम ठेवू नका. दमट कागद फ्यूजरमधून निघताना वळतो आणि बाहेरच्या रोलरशी अडतो. कागदाचा दोष मशीनच्या माथी बसतो.

८. स्टॅम्प पेपरवर प्रयोग करायचा नाही. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात, आधी शंभर-दोनशेच्या स्टॅम्पवर व्हायच्या अशा बऱ्याच कामांनाही पाचशेचा स्टॅम्प लागतो. तो चुरगळला तर पक्षकार आपल्याकडे बघतो, प्रिंटरकडे नाही. आधी त्याच मापाचा कोरा कागद सोडायचा, मग स्टॅम्प, तोही ट्रेमधून नाही. पुढच्या मॅन्युअल फीडमधून, एकेकटा.

९. लेझर प्रिंटर संगणकाच्या छोट्या यूपीएसला जोडू नका. फ्यूजर तापताना काही क्षण शेकडो वॉटचा ओढा लागतो, त्यात यूपीएस बसतो आणि संगणकातलं न सेव्ह केलेलं कामही घेऊन जातो.

१०. जुनं मशीन कधी सोडावं? रोलर, पॅड, सोलेनॉइड, काड्या, अगदी फ्यूजरची फिल्मसुद्धा, यासाठी प्रिंटर टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मुख्य बोर्ड किंवा लेझरचं युनिट गेलं आणि त्याच मॉडेलचा दुसरा मोडका प्रिंटर सुट्या भागांसाठी मिळत नसेल, तर मोह आवरा. भंगारवाल्याला वजनावर न देता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या. २०२२ च्या ई-कचरा नियमांत प्रिंटर आणि त्याची कार्ट्रिजही येतात.

११. कारागिराला बोलवायच्या आधी कागदावर लिहून ठेवा: कड कुठे थांबते, पहिल्या पानाला की पुढच्या, मशीन गार असताना की तापल्यावर, एक कागद ठेवला की गठ्ठा, ट्रेमधून की मॅन्युअल फीडमधून. तो कागद त्याच्या हातात द्या आणि बिघाड ज्या वेळी होतो त्याच वेळी त्याला बोलवा. झाकण उघडायच्या आधीच ‘ड्रम गेलाय’ म्हणणारा भेटला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.